दुसऱ्या वृषणाची राखण

वर्ध्याहून यवतमाळकडे जाणाऱ्या रस्त्यावरील देवळी या तालुक्याच्या गावी एखाद्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला पहाटे अकस्मात ओटीपोटात कळ येऊन वांती झाली, तर मूळ वेदना अंडकोशात आहे हे तो लाजेपोटी आईजवळ बोलत नाही, वडिलांना सांगायला कचरतो, आणि घरची मंडळी ओवा-हिंगाचा इलाज करीत बसतात. वृषणाला रक्त पोचविणाऱ्या रज्जूला पीळ बसल्यावर निसर्गाने दिलेली मुदत फार तोकडी असते: सहा तासांच्या आत पीळ सुटला तर वृषण बहुधा वाचते, बारा तासांनी आशा निम्म्यावर येते, आणि अहोरात्र उलटल्यावर ती जवळजवळ मावळते.

परंतु ज्याच्याविषयी घरात कोणी विचारही करीत नाही, त्या दुसऱ्या, निरोगी वृषणाची कैफियत येथे मांडावयाची आहे. शल्यविशारद त्याही बाजूला टाके घालण्याची परवानगी मागतात, तेव्हा ‘चांगल्याले काऊन चिरा मारता?’ हा पालकांचा प्रश्न अगदी स्वाभाविक असतो. त्याचे उत्तर शरीराच्या घडणीत आहे. सामान्यतः वृषण मागील बाजूने आपल्या आवरणाला चिकटलेले असते. काहींमध्ये मात्र हे बंधन जन्मतःच नसते, आणि बैलाच्या गळ्यातील घंटेच्या लोलकाप्रमाणे ते आवरणात मोकळे लोंबत राहते. हे वैगुण्य बहुधा दोन्ही बाजूंस असते. म्हणजे जो प्रसंग आज उजवीकडे गुदरला, तोच उद्या डावीकडे गुदरू शकतो, आणि एक गमावलेल्या मुलाच्या बाबतीत त्याचा अर्थ काय, हे सांगावयास नको.

दुसरी शंका अधिक सूक्ष्म आहे. शुक्रपेशी वयात येताना निर्माण होतात, त्यामुळे शरीराच्या रक्षकदलाला त्यांची ओळख नसते, आणि वृषणातील एक तटबंदी त्यांना रक्तापासून अलग ठेवते. रक्ताविना वृषण मरू लागले की हा तट फुटतो व त्या पेशींविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार होऊन ती निरोगी बाजूसही बाधा करू शकतात, असा एक पक्ष आहे. मज्जातंतूंच्या प्रतिक्षेपाने पलीकडच्या रक्तवाहिन्याही आकुंचन पावतात, असा दुसरा. प्राण्यांवरील प्रयोगांत अशी हानी आढळली, काही औषधांनी ती घटलेलीही दिसली. मनुष्याच्या बाबतीत मात्र तिच्या प्रमाणाविषयी तज्ज्ञांत मतैक्य नाही, आणि ती औषधे अद्याप रूढ उपचार झालेली नाहीत. म्हणून खात्रीची तजवीज आजही सुईदोऱ्याचीच: मृत झालेले वृषण काढून टाकावे, आणि दुसरे न विरघळणाऱ्या टाक्यांनी जागच्या जागी स्थिर करावे. ते एकटे सुदृढ राहिले तर पुरुषत्व व संतती या दोन्हींस बहुधा पुरेसे होते.

देवळीकरांच्या सुदैवाने डॉ. सुशीला नय्यर यांनी 1969 मध्ये स्थापन केलेले सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय व सावंगीचे आचार्य विनोबा भावे रुग्णालय ही दोन्ही याच जिल्ह्यात आहेत. तेव्हा माझी पालकांस विनंती आहे की, मुलाने अशी वेदना सांगितली तर रात्र आहे म्हणून उजाडण्याची वाट पाहू नये, भूल द्यावी लागेल हे ध्यानी धरून त्याला काही खाऊ-पिऊ घालू नये, 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. आणि शल्यविशारदांनी दोन्ही बाजूंची संमती मागितली, तर सही करण्यास अनमान करू नये.