उतार आपला, सामान कुणाचं?

माउंटन बाइकवाल्यांचा घोळका चहाला थांबला की पहिला विषय वाटेचा नसतो, सामानाचा असतो. हिवाळ्यातल्या रविवारी चारोटी नाक्यावर थांबून पाहावं. कुणी वसई-विरारकडून गाडीच्या मागे सायकल बांधून आलेला, कुणी वापीकडचा, दोघं-तिघं डहाणूतलेच. हेल्मेट काढायच्या आत एकमेकांच्या सायकलींवरून नजर फिरलेली असते. "ब्रेक बदललेस वाटतं?" "टायर कुठला हा?" "कितीला पडला?" हा शेवटचा प्रश्न आपण सायकलीपासून फ्लॅटपर्यंत कशाबद्दलही विचारतो, त्यामुळे त्यात वावगं कुणाला वाटत नाही. मग नव्या खरेदीचा मालक थोडे आढेवेढे घेऊन किंमत सांगतो. ती बहुधा घरी सांगितलेल्या किमतीपेक्षा जास्त असते.

या गप्पा फुकाच्या असतात असं मला वाटत नाही. या खेळातली जवळजवळ प्रत्येक वस्तू कुठल्या तरी एका उताराच्या अडचणीतून जन्माला आली आहे. गोची एवढीच, की तो उतार सहसा आपला नसतो.

सुरुवातच बघा. कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्यात सत्तरच्या दशकात काही पोरं श्विन कंपनीच्या जुन्या, जाड टायरांच्या सायकली भंगारातून उचलून डोंगरावरून खाली सोडत. फेअरफॅक्स गावाजवळ वणव्याच्या बंदोबस्तासाठी काढलेला एक कच्चा रस्ता होता: तीन-सव्वातीन किलोमीटरमध्ये सुमारे चारशे मीटर उतार. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी तिथे पहिली शर्यत झाली. त्या सायकलींना मागच्या हबमध्येच ब्रेक असे, पेडल उलटं दाबलं की लागणारा. खाली पोचेपर्यंत हब इतका तापे की आतलं ग्रीस जळून धूर निघे आणि दर फेरीनंतर हब उघडून ग्रीस पुन्हा भरावं लागे. म्हणून शर्यतीचं नावच 'रीपॅक' पडलं. जो ब्रीझने १९७७ मध्ये याच कामासाठी खास फ्रेम बनवली. १९७९ मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी टॉम रिची याच्या फ्रेम घेऊन 'माउंटनबाइक्स' नावाने धंदा थाटला. १९८१ मध्ये स्पेशलाइज्डची 'स्टंपजंपर' कारखान्यातून बाहेर पडली आणि पोरांचा उद्योग दुकानात आला. पुढचा सस्पेन्शन फोर्क रॉकशॉक्सने १९८९ मध्ये आणला, १९९६ साली हा खेळ अटलांटा ऑलिंपिकमध्ये पोचला. जळलेल्या ग्रीसपासून ऑलिंपिकपर्यंत पुरती वीस वर्षं.

आपल्याकडे ही सायकल आली ती नावाने. नव्वदच्या दशकात हर्क्युलिसच्या 'एमटीबी'ने आणि हिरोच्या 'रेंजर'ने गल्लोगल्लीच्या पोरांना वेड लावलं. जाड टायर, सरळ हँडल, भडक स्टिकर. डोंगर मात्र त्या सायकलींनी क्वचितच पाहिला. त्या क्लासला गेल्या, दळण घेऊन आल्या. मागे स्प्रिंग असलेली सायकल हे तर प्रतिष्ठेचं लक्षण होतं. चढावर पाय मारला की अर्धा जोर ती स्प्रिंगच खाऊन टाकी, पण ते कुणाला सांगून पटणार? २००५ च्या सुमारास फायरफॉक्ससारखी दुकानं आली, गिअरचा अर्थ लोकांना कळू लागला. त्याच वर्षी हिमाचलात 'एमटीबी हिमालय' ही अनेक दिवसांची शर्यत सुरू झाली. पुण्यात विनय मेनन आणि त्याच्या सोबत्यांनी 'सायनाइड' या नावाने उड्या आणि उतारांसाठीच्या सायकली घडवून पाहिल्या, हे धाडस आजही मला मोठं वाटतं. मग डेकॅथलॉनची 'रॉकरायडर' मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली आणि २०२० च्या टाळेबंदीनंतर सायकलींची अशी मागणी उसळली की जगभर सुट्या भागांचा दुष्काळ पडला. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, हा ताजा दिलासा.

आता आपला उतार. डहाणू रोड स्टेशनकडून पूर्वेला निघालं की चिकूच्या वाड्या मागे पडतात, आशागड येतं, पुढे गंजाड, आणि मग रस्ता चारोटीकडे महामार्गाला भेटतो. डोंगर इथे सह्याद्रीसारखे अंगावर येत नाहीत. चढ आखूड, पण खडे. डांबरी सोडून पाड्यांकडे जाणाऱ्या वाटा मुरमाच्या, मधेच काळा दगड, मधेच भातखाचराचा बांध, सायकलीचं चाक जेमतेम मावेल एवढा. साग, खैर, मोह, कडेला करवंदीच्या जाळ्या आणि बाभूळ. पावसाळ्यात हीच माती चाकाला अशी धरते की दहा फेऱ्यांत चाक फ्रेममध्ये अडकून बसतं. आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये सागाचा पाचोळा पडतो, ती तर वेगळीच बाब. एकेक पान ताटाएवढं, वाळून कडक झालेलं, एकावर एक चार-पाच थर. त्याच्याखाली दगड आहे, खड्डा आहे की नुसती माती, काही कळत नाही. ब्रेक दाबला की चाक जमिनीवर नाही, पानांवर थांबतं, आणि पानं पुढे चालू लागतात.

कॅलिफोर्नियाच्या कुठल्या पुस्तकात याचा उपाय मिळणार? उपाय साधा आहे: पाचोळा सुरू व्हायच्या आधी, उघड्या जमिनीवर वेग कमी करून घ्यायचा आणि पाचोळ्यातून ब्रेकला हात न लावता, हँडल सरळ ठेवून पार व्हायचं. वळायचं असेल तर पलीकडे गेल्यावर.

तेव्हा पैसे कुठे घालावेत? माझ्या मते सर्वांत आधी टायरांत. नवखा माणूस सस्पेन्शनकडे बघतो, जाणता माणूस टायरकडे. सव्वादोन इंचाच्या आसपास रुंदीचा, कडेच्या गोट्या उंच असलेला टायर पुढे लावला की सायकल बदलल्यासारखी वाटते. त्याहून मोठी गोष्ट फुकट आहे: हवा. आपल्याकडे चाक अंगठ्याने दाबून दगडासारखं लागलं की हवा बरोबर, असा समज आहे. डांबरीवर तो ठीक. मुरमावर असा टणक टायर प्रत्येक खड्यावरून टणाटण उडतो, पकड म्हणून राहत नाही. सत्तर किलोच्या माणसाने ट्यूब असलेल्या टायरात ३० पीएसआयच्या आगेमागे हवा ठेवावी. ट्यूबलेस असेल तर २० ते २५ सुद्धा चालते. ट्यूबमध्ये फार कमी केली तर दगडावर आपटून रिम आणि दगडाच्या मधे ट्यूब चिमटते आणि सापाच्या दातांसारखी जोड-छिद्रं पडतात.

बाभळीच्या आणि करवंदीच्या काट्यांमुळे ट्यूबलेसचा खर्च इथे खरोखर वसूल होतो. आतला पातळ लॅटेक्स छिद्रात येऊन थिजतो. काटा दिसला की तो उपटायची घाई करू नये. उपटलाच तर चाक फिरवून छिद्र खाली आणावं आणि थोडं थांबावं. फक्त आपल्या उकाड्यात तो द्रव दोन-तीन महिन्यांत सुकतो, हे दुकानदार आपण होऊन सांगत नाही. मग टायरात रबराची एक साल उरते आणि मालक ट्यूबलेसला शिव्या घालतो.

आणि वॉल्व्ह. महागड्या सायकलींना बारीक, फ्रेंच वॉल्व्ह असतो. रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरचं तोंड मोटरसायकलच्या वॉल्व्हचं. साध्या सायकलीसाठी त्याच्याकडे वेगळा पंप असतो, तोही याला बसेलच असं नाही. लाखाची सायकल बाजूला धरून माणूस उभा, आणि शेजारी कॅरिअरवर चाऱ्याचा भारा बांधलेला म्हातारा हवा भरून निघूनही जातो. यावर पितळेची एक छोटी टोपी मिळते, चहाच्या दोन-चार कपांच्या किमतीत. ती वॉल्व्हवरच चढवून ठेवावी. खरेदीच्या गप्पांत या टोपीचं नाव कधी निघत नाही, कारण ती दाखवण्यासारखी नाही.

ब्रेकबद्दल मात्र मी हट्टी आहे. रिमला घासणारे व्ही-ब्रेक कोरड्या दिवसांत पुरेसे. चिखलात वाळूचे कण ब्रेकच्या रबरात रुततात आणि रिमच कातरत जाते. डिस्क ब्रेक घ्यावेत. वायरवर चालणारे डिस्क कुठेही एका अ‍ॅलन कीने जुळवता येतात, हा त्यांचा मोठा गुण. तेलावर चालणारे घेतले तर खनिज तेलाचे घ्यावेत. काही कंपन्या वापरतात ते डॉट तेल हवेतला ओलावा शोषून घेतं, आणि आपल्या किनारपट्टीला ओलावा किती ते सांगायला नको. पावसाळ्यात राळेचे पॅड साबणासारखे झिजतात, धातूचे टिकतात पण किंचाळतात. किंचाळू द्यावं, पाड्यातल्या कोंबड्या बाजूला होतात.

स्वस्त सायकलीचा पुढचा स्प्रिंगचा फोर्क हा मला निव्वळ भार वाटतो. अडीच किलोच्या आसपास वजन, आणि दाबलेली स्प्रिंग परत येताना तिला आवरणारं आत काहीच नाही. त्यापेक्षा साधा, बिनस्प्रिंगचा फोर्क आणि चांगला टायर बरा. हवेचा फोर्क परवडत असेल तर गोष्ट वेगळी. मग सायकलीवर बसल्यावर तो चौथाईभर दबेल अशी हवा ठेवावी. बटणाने खाली-वर होणारी सीट, कार्बनची हँडलं, यांना नाही म्हणत नाही, पण इथल्या आखूड उतारांवर त्यांची पाळी बरीच उशिरा येते. हेल्मेटची पाळी पहिली, हे लिहायलाही नको. आणि एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी टाकून द्यावं, हे मात्र लिहायला हवं.

चालवण्याचा सल्ला सामानाच्या सल्ल्यापेक्षा कमी मिळतो, कारण तो विकता येत नाही. उतारावर दोन्ही पेडलं समतल, बूड सीटवरून उचललेलं, कोपरं बाहेर, एकच बोट ब्रेकवर. नजर चाकापुढच्या दगडावर नको, त्याच्या पुढच्या वळणावर हवी. जिथे बघाल तिथे सायकल जाते, दगडाकडे बघाल तर दगडावर. पुढच्या ब्रेकला घाबरणारे खूप, आणि त्यांना घाबरवणारे त्याहून जास्त. थांबवण्याची बरीचशी ताकद पुढेच असते. वजन मागे आणि दाब हळूहळू वाढवत नेला तर माणूस हँडलवरून उडत नाही. खड्या मुरमाच्या चढावर उभं राहून पेडल मारलं की मागचं चाक जागीच फिरतं. बसून, छाती हँडलकडे झुकवून, हलक्या गिअरवर चढावं. आणि उतरून चालण्यात काही कमीपणा नाही. गंभीरगडाच्या पायथ्याला व्याहळीपर्यंत सायकल न्यावी, गड पायांनी चढावा.

एका पाड्यावर पाणी प्यायला थांबलो असताना शाळेतल्या एका पोराने माझ्या सायकलीला दोन प्रदक्षिणा घातल्या आणि विचारलं, "दादा, याला स्टँड का नाय?" नाही, म्हटलं. "मडगार्ड?" नाही. "कॅरिअर पन नाय?" मग किंमत विचारली. ती ऐकून तो हसला नाही, उलट माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं. त्याच्या बहिणीला शाळेसाठी मिळालेली सायकल शेजारीच उभी होती, स्टँडवर. तिला स्टँड, मडगार्ड, कॅरिअर, चेनचं कव्हर, घंटी सगळं होतं. राज्यात मानव विकास कार्यक्रमातून शाळेपासून दूर राहणाऱ्या मुलींना अशा सायकली दिल्या जातात. जी वाट आम्ही सस्पेन्शनवर चालवून फुशारक्या मारतो, ती अशी मुलगी दप्तर आणि मागे धाकटा भाऊ घेऊन रोज चालवते. तिच्या सायकलीचे छर्रे वर्षातून एकदा ग्रीसमध्ये बसवून घेतले आणि चाकाचा आउट काढला तर ती माझ्या सायकलीहून जास्त वर्षं टिकेल.

वाटा तिच्या आहेत, हा मुद्दा गप्पांत अगदीच राहून जातो. वाट चालण्याने होते, याची एक गोष्ट इथलीच आहे. गंजाडच्या कळंबीपाड्यावर जिव्या सोमा म्हसे राहत. २०११ मध्ये पद्मश्री मिळालेले, २०१८ मध्ये गेलेले वारली चित्रकार. २००३ मध्ये जर्मनीत ड्यूसेलडॉर्फच्या संग्रहालयात त्यांची चित्रं आणि रिचर्ड लाँग या ब्रिटिश कलावंताचं काम एकत्र मांडलं गेलं होतं. लाँग यांची कलाच चालण्याची: १९६७ मध्ये त्यांनी गवतावरून पुन्हापुन्हा चालून एक सरळ रेघ उमटवली आणि ती रेघ म्हणजेच कलाकृती ठरली. हा माणूस म्हसे यांच्या मुलखातही येऊन चालून गेला. आपण मात्र चालत नाही. पाय जमीन पसरट दाबतात. चाक तिला चिरतं. ओल्या वाटेवर आठ-दहा सायकली एकामागून एक गेल्या की चर पडतो, पुढच्या सरीचं पाणी त्या चरातून धावतं आणि दोन पावसांत वाटेचा ओहळ होतो. म्हणून जोराच्या पावसानंतर दोन-तीन दिवस वाटांवर जाऊ नये, डांबरी आहेच. बांधावर भात उभं असताना तर मुळीच नाही. पुण्यात वेताळ टेकडीवर चालणारे आणि सायकलवाले यांच्यात कुरबुरी होतात, पण तिथे दोन्ही बाजू फिरायला आलेल्यांच्या. इथे समोरून डोक्यावर मोळी घेऊन येणारी बाई कामावर असते. तिच्यासाठी थांबायचं, पाय खाली टेकवून, घंटी न वाजवता.

हल्ली या भागात रविवारच्या सायकलवाल्यांसाठी खास वाट आखावी अशी चर्चा कानावर येते. कल्पना वाईट नाही. संगमनेरच्या प्रणिता सोमणने माउंटन बाइकच्या राष्ट्रीय स्पर्धांत सुवर्णपदकं आणली, तेव्हा हा खेळ मनालीवाल्यांचाच नाही हे सिद्ध झालंच आहे. ऑलिंपिक पद्धतीच्या शर्यतीला चार ते सहा किलोमीटरची एक फेरी लागते, चढ-उतारांची. दीड तास त्याच फेरीत फिरायचं. एवढी जागा आशागड ते रानशेतच्या टापूत डोळे झाकून सापडेल, आणि ज्या पोरापोरींचे पाय या चढांवर तयार झाले आहेत ते पुण्या-मुंबईच्या स्पर्धकांना घाम फोडतील याबद्दल मला शंका नाही. फक्त डहाणू आणि तलासरी हे अनुसूचित क्षेत्र आहे, ग्रामसभेला अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा इथे लागू आहे. मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग आणि बुलेट ट्रेनसाठी याच तालुक्यांतल्या जमिनी गेल्या आहेत, त्यामुळे मोजणीची दोरी घेऊन येणाऱ्या कुणाकडेही इथे संशयाने पाहिलं जातं, आणि ते बरोबर आहे. वनखात्याचा कागद हातात असला तरी आधी ग्रामसभेसमोर बसावं लागेल, नकाशा पसरून, कुठली वाट कुणाच्या पाण्याची, कुठली गुरांची हे विचारत. ग्रामसभा नाही म्हणाली तर सायकली पुन्हा गाडीमागे बांधायच्या. हो म्हणाली तर पहिल्या चार सायकली पाड्यातल्या मुलांसाठी घ्याव्या लागतील, आणि त्यांच्या पंक्चरचं, पॅडचं, चेनचं सामान आशागडच्याच एखाद्या सायकल दुकानात ठेवावं लागेल.