पाच वर्षं सोळा दिवस

सोलापुरात रिक्षावाल्याला नुसतं ‘सेटलमेंट’ म्हटलं की तो पुढचं विचारत नाही. पत्त्यात त्यापुढे ‘फ्री कॉलनी’ आणि नंबर येतो. यातलं ‘फ्री’ म्हणजे कशातून सुटलेलं?

1871 साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे तो मुंबई इलाख्यातही लागू झाला आणि इथल्या जमातींतलं मूल जन्मताच पोलिसांच्या नोंदीतलं झालं. कैकाडी, पारधी, टकारी, कंजारभाट, मांग गारुडी अशा जमातींची कुटुंबं सोलापुरात तारेच्या कुंपणाआड, ‘सेटलमेंट’मध्ये ठेवली गेली. गिरण्यांना मजूर हवेच होते. ठरल्या वेळी हजेरी, बाहेरगावी जायला पास. वर्तणूक पसंत पडली, तर तारेबाहेर ‘फ्री कॉलनी’त घर.

15 ऑगस्ट 1947 ला देश सुटला, पण देशभरातून हा कायदा गेला 31 ऑगस्ट 1952 रोजी. मधली पाच वर्षं सोळा दिवस लक्षात ठेवली, तरच या जमातींचा 31 ऑगस्टचा विमुक्त दिन समजतो. त्या दिवसाला म्हणूनच दुसरा स्वातंत्र्यदिन म्हणावंसं वाटतं.

अमेरिकेतल्या मेक्सिकन वंशाच्या लोकांची कहाणी याच्या जवळ जाते. 1848 च्या तहाने मेक्सिकोचा मोठा मुलूख अमेरिकेकडे गेला. तिथले लोक घरातच राहिले, देश तेवढा बदलला. ‘चिकानो’ हा त्यांना हिणवायचा शब्द. 1960 च्या दशकात तरुणांनी तोच अभिमानाने स्वतःला लावला आणि आपल्या आदिवासी पूर्वजांशी नातं सांगितलं.

हिणवणारा शब्द अभिमानाने मिरवायचं हे काम आपल्याकडे पुस्तकांनी केलं. लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ आणि लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’, दोन्हींना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ‘उचल्या’ हा तर तोंडावर फेकला जाणारा शब्द. तो मुखपृष्ठावर छापायला केवढं बळ लागलं असेल!

जे वेगानं हरवतंय ते घरातलं बोलणं. कैकाड्यांची बोली द्राविड कुळातली, तमिळशी नातं सांगणारी. शाळा मराठी, बाजार मराठी. आजीचे शब्द नातवाला कळतात, पण बोलता येत नाहीत. विमुक्त दिनाच्या व्यासपीठावर या बोलीला पहिला मान मिळायला हवा.

कायदा गेला तरी संशय उरला. 3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगांच्या नियमपुस्तकांतले जातवाचक उल्लेख काढायला सांगावं लागलं. कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकानाही त्यात होता.