पाण्यावरचा नाकतोडा

मासा पकडायचा, डोळे भरून पाहायचा आणि पुन्हा पाण्यात सोडून द्यायचा, असा एक छंद जगात आहे, हे नांदेडच्या घाटावर सांगितले तर ऐकणारा आपल्याला वेड्यात काढील. आमच्याकडे मासा धरतात तो पोटासाठी. परंतु विलायतेतील आणि अमेरिकेतील कितीतरी शहाणीसुरती माणसे थंड नद्यांत कमरेइतक्या पाण्यात उभी राहून ट्राउट नावाच्या माशाची आराधना करीत असतात. गळाला गांडूळ नाही, पीठ नाही. कोंबड्याच्या मानेची पिसे किंवा हरणाचे पोकळ केस गुंडाळून केलेला खोटा किडा असतो. तो बुडत नाही, तरंगतो, म्हणून त्याला 'ड्राय फ्लाय' म्हणायचे. उन्हाळ्यात काठच्या गवतातले नाकतोडे पाण्यात पडू लागले, की हा किडा चांगला ठसठशीत, नाकतोड्याएवढा करतात. खळाळत्या पाण्यातही तो माणसाला दिसतो आणि माशालाही.

यातली खरी गंमत फेकण्यात आहे. किड्याला वजन नसते. वजन असते दोरीला. ती चाबकासारखी मागेपुढे झुलवून किडा अलगद पाण्यावर टेकवायचा. मग तो प्रवाहाच्याच गतीने वाहिला पाहिजे. दोरीने त्याला जरा जरी ओढले, की मासा ओळखतो आणि तोंड फिरवतो. थोडक्यात, हा खेळ वाहत्या पाण्याचा आहे.

ट्राउट आपला नव्हे. 1900 साली बाहेरून आणलेल्या अंड्यांपासून तो काश्मीरमध्ये वाढवला गेला. पुढे निलगिरीच्या थंड ओढ्यांतही रुजला. त्याला पाणी गार लागते. वैशाखात बेचाळीस अंशांवर तापणाऱ्या मराठवाड्यात तो तग धरणार नाही. पण म्हणून गळाचा छंद साहेबाने आणला, असे समजण्याचे कारण नाही. लातूर जिल्ह्याची हद्द ओलांडली की बसवकल्याण लागते. चालुक्यांची ही राजधानी. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वर राजाने 1130च्या सुमारास 'मानसोल्लास' रचला. त्यात राजाने मन कसे रमवावे हे सांगताना मत्स्यविनोदाचे स्वतंत्र प्रकरण आहे. माशांच्या जाती, त्यांचा चारा, काठी, दोरी, गळ, सगळे त्यात आले आहे. या विषयातला इंग्रजांचा लाडका ग्रंथकार आयझॅक वॉल्टन याचे पुस्तक 1653चे. म्हणजे आमचा राजा त्याच्या पाचशे वर्षे आधीचा!

राजाचे सोडा. भाद्रपदात मुगाच्या रानातला हिरवा नाकतोडा धरायचा, बारीक गळाला हलकेच टोचायचा आणि भिंगरीच्या धारेवर सोडून द्यायचा, हा उद्योग नदीकाठच्या पोरांना कुणी शिकवावा लागत नसे. आम्हीही तो केला. बोट-दीड बोट लांबीचे चंदेरी मासे खालून उसळी घेत. नाकतोडा नाहीसा होई, पाण्यावर एक वर्तुळ उरे. त्या वर्तुळाचा आनंद ताटातल्या माशाहून मोठा होता, एवढे मात्र तेव्हाही कळत होते.

पुढे बँकेच्या नोकरीत मांजराकाठच्या एका शाखेत होतो. जाळ्यांच्या कर्जासाठी एक म्हातारे भोई आले होते. अर्जाचे काम उरकल्यावर मी त्यांना सहज विचारले, "मामा, वरवर खाणारी मासोळी अजून लागते का हो?" ते म्हणाले, "साहेब, ती पळत्या पाण्याची. पाणी उभं राहिलं, ती गेली." मग क्षणभर थांबून म्हणाले, "पण उभ्या पाण्यानंच आमची चूल पेटते, हेबी लिहून घ्या."

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. धरणे झाली, बंधारे झाले. शेताला पाणी मिळाले. तलावांत कटला, रोहू, मृगळ यांचे बीज सोडले जाऊ लागले आणि मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना आधार मिळाला. कटलाही वरच्या थरातच खातो, पण तो पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खाणारा मासा. नाकतोड्यावर झेप घेणे त्याच्या स्वभावात नाही. ती झेप घेणाऱ्या माशांना वाहते पाणी हवे आणि किडे हवेत. किड्यांचेही पुन्हा तेच. मेफ्लायसारख्या कित्येक किड्यांचे बालपण नदीच्या तळाशी, दगडगोट्यांच्या सांदीत जाते. शहराचे सांडपाणी तिथे पोचले, वाळूबरोबर तळच उपसून नेला, की किडा संपतो. किडा संपला की मासा वर पाहायचे सोडतो.

म्हणून पाण्यावर उठणारे ते लहानसे वर्तुळ मला नदीच्या नाडीसारखे वाटते. वरून नदी भरलेली दिसेल. विष्णुपुरीच्या जलाशयाकडे पाहून कुणाचेही मन निवते. पण भरलेली नदी आणि जिवंत नदी यांत अंतर आहे. बँकेच्या भाषेत सांगायचे तर शिल्लक दिसते, पण खात्यावर व्यवहारच नाही. आणि ती शिल्लकही बेभरवशाची. एप्रिल 2016मध्ये लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. 12 एप्रिलला पहिली गाडी आली तेव्हा तिच्या दहा टाक्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. ज्या मांजरावर शहराची तहान भागायची, तिचे धरण आटले होते.

धरणे फोडा, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. मागणे लहान आहे. गोदावरीचा, मांजराचा, आसनेचा एखादा-दुसरा कोस तरी असा राखावा, की जिथे वाळूला हात लागणार नाही, नाला येऊन मिळणार नाही आणि बंधाऱ्यातून थोडी धार वर्षभर सुटत राहील. एवढ्याने उसाचे एखादे पाणी कमी होईल, हे मी जाणतो. हिशेब मलाही येतो. पण खर्चाच्या रकान्यात त्या मासोळीचे नाव आजवर कोणी लिहिलेलेच नाही. ते लिहिले, तर ताळेबंद निराळा दिसेल. आणि एखाद्या भाद्रपदात एखादे पोर नाकतोडा धारेवर सोडील, तेव्हा खालून काहीतरी उसळून येईल.