फरशीखालची ऊब : बसवण्याआधी हे वाचा

परतूर तालुक्यातल्या आष्टीत थंडी दोन-अडीच महिन्यांची. तरीही पहाटे न्हाणीघरातली गार फरशी म्हाताऱ्या पायांना झोंबतेच. थंड देशांत त्यासाठी टाइलखाली विजेची तापणारी तार घालतात. इथे ती घालायची असेल, तर नव्या बांधकामातच घालावी.

■ थरांचा क्रम : उतार दिलेला कोबा, उष्णतारोधक बोर्ड, तारेची जाळी, लवचिक टाइल-गोंद, टाइल. वॉटरप्रूफिंग कुठल्या थरात करायचे, ते उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे ठरवा. रोधक थर गाळला, तर बरीचशी ऊब स्लॅब खाऊन टाकतो.

■ जागा : कमोड आणि पक्क्या कपाटाखाली तार नको. तार कापून आखूड करू नये.

■ तपासणी : तारेचा रोध तीनदा मोजून लिहून ठेवा : अंथरण्याआधी, अंथरल्यावर आणि टाइल बसवल्यावर. बिघाड नंतर कळला, तर फरशी फोडावी लागते.

■ सुरक्षा : पक्के अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) हवीच. थर्मोस्टॅट न्हाणीघराबाहेर बसवा. जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

■ खर्च : ३ चौरस मीटरला दर चौरस मीटरमागे १५० वॅट धरले, तर भार ४५० वॅट. दोन तासांना जास्तीत जास्त ०.९ युनिट.

■ धीर : गोंद आणि ग्राउट पुरते वाळेपर्यंत बटण दाबू नका.

थंडी थोडक्या दिवसांची असेल, तर कोरडी फरशी आणि जाड पायपुसणे यांनीही आजी-आजोबांचे पाय उबदार राहतात.