मशीद आणि दर्गा : प्रवाशाने काय पाहावे?

प्रवासाला निघालो म्हणजे जुन्या मशिदी व दर्गे आपण हौसेने पाहतो. परंतु या दोहोंतील भेद पुष्कळदा आपल्या ध्यानात येत नाही. तो समजून घ्यावयाचा तर गुलबर्ग्यास, म्हणजे आजच्या कलबुर्गीस, जावे. १३४७ साली स्थापन झालेल्या बहमनी राज्याने आपली राजधानी येथे थाटली होती.

मशिदीचा सारा रोख एका दिशेकडे असतो. नमाज मक्केकडे तोंड करून पढावयाची. आपल्याकडून मक्का पश्चिमेस. म्हणून मिहराब नावाचा कोनाडा पश्चिमेच्या भिंतीत असतो. त्यात मूर्ती नसते, कबर नसते. तो दिशा तेवढी दाखवितो. येथल्या किल्ल्यातील जामी मशिदीच्या शिलालेखात १३६७ हे साल आहे. लांबी सुमारे २१६ फूट, रुंदी १७६ फूट. मोठ्या मशिदींना बहुधा उघडे अंगण असते. येथे मात्र सारी जागा घुमटांखाली झाकली आहे. मग उजेड येतो कोठून? बाजूंच्या रुंद कमानी मोकळ्या ठेवल्या आहेत, त्यांतून.

दर्ग्याचा रोख व्यक्तीकडे असतो. ख्वाजा बंदेनवाज गेसूदराज यांचे बालपण काही काळ दौलताबादेस गेले. त्यांच्या वडिलांची कबर आपल्या खुलदाबादेस आहे. १३९८ साली तैमूरची स्वारी आली तेव्हा त्यांनी दिल्ली सोडली आणि ते पुन्हा दक्षिणेत आले. १४२२ साली गुलबर्ग्यास त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या दर्ग्यात आजही हिंदू आणि मुसलमान दोघेही मनातले गाऱ्हाणे घेऊन येतात, फुले आणि चादर वाहतात.

एवढे कळले की रीतभात आपोआप कळते. नमाज पढणाऱ्याच्या समोरून जाऊ नये. कारण तो आणि त्याची दिशा यांच्या मध्ये आपण येतो. कबरीला पाय लावू नये, तिच्याकडे पाठ करून निघू नये. कारण भाविकाच्या लेखी तेथे कोणी जागे आहे. पादत्राणे बाहेर ठेवावीत, डोके झाकावे, शुक्रवारची दुपार टाळावी, छायाचित्र घेण्यापूर्वी विचारावे.

घुमटांची मापे पुस्तकांतही मिळतात. शतकानुशतके शेजारी राहणाऱ्या माणसांच्या मनात तेथे काय चालते, हे पाहावयास मात्र आपल्यालाच जावे लागते. आणि ते न पाहता परतलो, तर शेजाऱ्याच्या घरी जाऊन भिंती तेवढ्या पाहून आल्यासारखे होईल.