कायमची नोकरी सोडलेली संशोधिका

ब्रेंडा मिल्नर १९३६ साली केंब्रिजच्या न्यूनम कॉलेजात गेल्या त्या गणित शिकायला. गणितात आपली मजल फार लांब जाणार नाही हे वेळीच ओळखून त्यांनी मानसशास्त्र धरलं. युद्धकाळात वैमानिकांच्या निवडचाचण्यांवर काम केलं आणि १९४४ मध्ये नवऱ्याच्या नोकरीपायी त्या कॅनडात आल्या. (नवरा विद्युत अभियंता, पुढे तोही मानसशास्त्राकडेच वळला.) माँट्रियल विद्यापीठात शिकवायला जागा मिळाली, तीही फ्रेंचमधून.

पीएचडीसाठी त्या मॅकगिल विद्यापीठाच्या डोनाल्ड हेब यांच्याकडे गेल्या. हेबनी त्यांना १९५० मध्ये वाइल्डर पेनफिल्ड यांच्या न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटमध्ये धाडलं. अपस्मार औषधांना दाद देईनासा झाला की पेनफिल्ड मेंदूतला बिघडलेला भाग काढून टाकत. रुग्णाचं त्यात काय गेलं आणि काय शाबूत राहिलं, हे शोधणं मिल्नर यांच्याकडे. सर्जनांच्या राज्यात मानसशास्त्रज्ञाला कोण विचारतो? तिथे तुम्हाला भवितव्य नाही, असं हेब यांनीही बजावलं होतं. तरी १९५२ मध्ये पीएचडी पदरात पडल्यावर मिल्नर यांनी माँट्रियल विद्यापीठातली पक्की नोकरी सोडली आणि रुग्णालयच गाठलं.

कारण होते पी. बी. आणि एफ. सी. हे दोन रुग्ण. दोघांच्याही मेंदूचा फक्त डावा कानशिलाकडचा भाग काढला होता, बुद्धी तल्लख होती, पण नवं काही लक्षात राहीना. उजव्या बाजूचा हिप्पोकॅम्पस (कानशिलाआडचा, नव्या आठवणी घडवणारा भाग) आधीच निकामी असावा, असा तर्क पेनफिल्ड आणि मिल्नर यांनी बांधला. तो १९५५ मध्ये शिकागोच्या परिषदेत मांडला गेला. हार्टफर्डचे सर्जन विल्यम स्कोव्हिल यांनी तो वाचला आणि आपल्याकडेही असा एक रुग्ण असल्याचं कळवलं. १९५३ मध्ये, २७ वर्षांच्या हेन्री मोलेसनच्या मेंदूतून त्यांनी हिप्पोकॅम्पसचा भाग दोन्ही बाजूंनी काढला होता.

मग मिल्नर यांच्या हार्टफर्डला फेऱ्या सुरू झाल्या. रात्रीची गाडी, सोबत चाचण्यांचं साहित्य, आणि दर भेटीत नव्याने ओळख करून घेणारा रुग्ण. स्कोव्हिल यांच्यासोबतचा त्यांचा १९५७ चा निबंध आज स्मृतीवरच्या जवळपास प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतो. माझ्या मते मात्र त्यांचं खरं डोकं दिसतं ते चांदणीच्या चाचणीत. हात थेट दिसू नये अशी सोय करून, आरशात पाहत, चांदणीच्या दोन रेषांमधून पेन्सिल फिरवायची. हेन्री तीन दिवसांत सफाईने ते करू लागला. हे आपण आधी कधी केलंय, याची त्याला गंधवार्ता नव्हती. म्हणजे हाताचं शिकणं आणि आठवणं यांचे मार्ग मेंदूत वेगळे. हे दाखवायला लागलं काय, तर कागद, पेन्सिल, आरसा आणि वेळ.

यातली वेळ हीच आज दुर्मिळ चीज. आपल्याकडे २०१० नंतर प्राध्यापकांची बढती गुणांच्या तक्त्यावर ठरू लागली. एकाच रुग्णामागे वर्षानुवर्षं फिरणाऱ्या माणसाला त्या तक्त्यात रकाना सापडला नसता. मिल्नर यांना मेंदूविज्ञानातला कावली पुरस्कार मिळाला तो २०१४ मध्ये, वयाच्या ९६ व्या वर्षी.

पी. बी. १९६४ मध्ये वारला. शवविच्छेदनात उजवा हिप्पोकॅम्पस आक्रसलेला निघाला, तर्क खरा ठरला. तो अहवाल छापून यायला मात्र १९७४ उजाडलं.