ग्राफिक्स कार्डासाठी पाण्याचे शीतकरण : नाशिकच्या हवेत पहिली जुळवणी

नाशिकजवळच्या एकलहरे औष्णिक वीज केंद्रात वाफेची उष्णता पाण्याने काढून घेतली जाते आणि ते तापलेले पाणी शीतकरण मनोऱ्यांत गार केले जाते; पुण्याच्या ‘आयसर’ संस्थेत २०१९ साली सुरू झालेल्या ‘परम ब्रह्म’ या महासंगणकातही प्रक्रियकांच्या अंगालगत पाणी खेळवूनच त्यांची उष्णता दूर नेण्याची व्यवस्था आहे. घरच्या संगणकातील ग्राफिक्स कार्डासाठी हौशी मंडळी जी जुळवणी करतात, तिच्यामागचे भौतिकशास्त्र हेच असून, समान आकारमानाचे पाणी हवेपेक्षा सुमारे साडेतीन हजार पट उष्णता सामावून घेऊ शकते, या एकाच गोष्टीवर ती उभी असते. मात्र वीज केंद्राचा मनोरा आणि घरचा रेडिएटर, म्हणजे नळ्यांतले तापलेले पाणी पंख्यांच्या हवेने गार करणारी पात्यांची जाळी, यांत एक मूलभूत फरक आहे. मनोऱ्यात पाण्याचा काही भाग वाफ होऊन उडतो आणि त्यामुळे पाणी भोवतालच्या हवेहूनही गार होऊ शकते. बंद नळ्यांतून फिरणारे पाणी मात्र खोलीच्या तापमानाखाली कधीच उतरत नाही.

नाशिकमध्ये या मर्यादेला विशेष अर्थ आहे. जिल्ह्यातल्या निफाडचा पारा हिवाळ्यात किती घसरतो हे दरवर्षी बातम्यांत येते, पण जुळवणीचा हिशेब एप्रिल-मेचा धरावा लागतो, कारण बाहेर चाळिशी गाठलेल्या दुपारी खोली ३५ अंशांवर असेल, तर मध्यम प्रतीच्या जुळवणीत फिरणारे पाणी ४५ अंशांच्या आसपास स्थिरावते. पंपासाठी साधारणतः ६० अंश ही वरची मर्यादा मानली जाते, तेव्हा हातात उरणारी सूट फार मोठी नाही. शिवाय पाणी उष्णता नष्ट करत नाही, ती फक्त कार्डाजवळून उचलून खोलीत आणून सोडते. ४५० वॅटचे कार्ड कसेही गार केले तरी खोलीला मिळणारी उष्णता ४५० वॅटचीच राहते, हे जाहिरातींतील निळ्या प्रकाशात सहज विसरले जाते.

त्यामुळे पहिला प्रश्न सुट्या भागांचा नसून कार्डाचा आहे. आरटीएक्स ४०७० हे कार्ड २०० वॅट खाते आणि त्याला मूळचे पंखे व हीटसिंक पुरेसे पडतात. अशा कार्डावर पाण्याचा खर्च करणे ही हौस झाली, गरज नव्हे. आरटीएक्स ४०९०चे ४५० किंवा ५०९०चे ५७५ वॅट असतील, तेथे या खटाटोपाला अर्थ येतो.

कार्ड ठरले की वॉटरब्लॉक, म्हणजे चिपवर बसणारा आणि आतून बारीक खाचा पाडलेला तांब्याचा ठोकळा, निवडण्याचे स्वातंत्र्य जवळजवळ संपते. एकाच नावाचे कार्ड निरनिराळ्या कंपन्या निरनिराळ्या सर्किट बोर्डावर बनवतात, त्यामुळे ‘४०९०चा ब्लॉक’ असे मोघम मागून चालत नाही, तर कंपनी आणि नेमकी आवृत्ती जुळवून पाहावी लागते. ब्लॉक केवळ मुख्य चिपच नव्हे, तर भोवतालच्या मेमरी चिपा आणि विद्युतदाब नियंत्रित करणारे घटकही झाकतो. त्यांच्यावर मऊ थर्मल पॅड बसतात. जेथे एक मिलिमीटरचा पॅड सांगितला आहे तेथे दीड मिलिमीटरचा लावला, तर ठोकळा तेवढाच वर राहतो, मुख्य चिपशी त्याचा नीट स्पर्श होत नाही आणि महागडी जुळवणी मूळच्या पंख्यांहून वाईट ठरते. ब्लॉकचे झाकण ॲक्रिलिकचे असेल तर ते स्पिरिटने पुसू नये. त्याने ॲक्रिलिकला बारीक तडे जातात.

पैसा खरा घालायचा तो रेडिएटरवर. ४५० वॅट उष्णता नेताना हवा दहा अंशांनी तापू द्यायची ठरवली, तर सेकंदाला सुमारे ४० लिटर हवा रेडिएटरच्या पात्यांतून जावी लागते, आणि समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवरच्या नाशिकची हवा सहा-सात टक्क्यांनी विरळ असल्याने येथे थोडी अधिकच. १२० मिलिमीटरचे तीन पंखे लागणारा ३६० मिलिमीटरचा रेडिएटर ही म्हणूनच अशा कार्डाची किमान गरज समजावी, आणि प्रोसेसरही त्याच फेऱ्यात जोडायचा असेल तर दुसरा रेडिएटर धरावा. दाट पात्यांचे रेडिएटर कागदावर सरस दिसतात, परंतु त्यांतून हवा ढकलायला पंखे जोरात फिरवावे लागतात आणि त्यांत धूळही लवकर अडकते. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींच्या बाजूला राहणाऱ्याने विरळ पात्यांचा, थोडा जाड रेडिएटर घेणे शहाणपणाचे. तो कॅबिनेटमध्ये मावतो का, हे पंख्यांची जाडी धरून टेपने मोजूनच ठरवावे.

पंपाबाबत मात्र गैरसमज उलट दिशेचा आहे. मिनिटाला दोन लिटर पाणी फिरत असेल, तर ४५० वॅट घेऊन जाताना ते सुमारे सव्वातीन अंशांनी तापते. प्रवाह दुप्पट केला तर या वाढीत जेमतेम दीड अंशाचा फरक पडतो. म्हणून सर्वांत ताकदवान पंपाच्या मागे लागण्यापेक्षा डी-५ या प्रचलित जातीचा, वेग कमी-जास्त करता येणारा पंप पुरतो. पंपाचे बेअरिंग पाण्यानेच वंगण पावते, त्यामुळे तो क्षणभरही कोरडा चालवू नये आणि पाण्याची टाकी त्याच्या वरच्या पातळीवर असावी.

पहिल्या जुळवणीत काचेसारख्या कडक नळ्यांचा मोह टाळावा. त्या गरम करून वाकवाव्या लागतात आणि एक माप चुकले की पुन्हा नवी नळी. उलट काळी, रबरी ईपीडीएम नळी कात्रीने कापता येते. नळीचा आतला-बाहेरचा व्यास आणि फिटिंगचे माप तंतोतंत जुळले पाहिजे, कारण १० बाय १३ची नळी १० बाय १६च्या फिटिंगमध्ये घट्ट धरली जात नाही. धातूंच्या बाबतीत तर तडजोडच नको. ब्लॉक तांब्याचा आणि स्वस्तात मिळालेला रेडिएटर ॲल्युमिनियमचा असेल, तर त्यांच्यामधील पाणी विद्युतघटातील द्रावाप्रमाणे काम करते आणि ॲल्युमिनियम झिजून त्याचा गाळ ब्लॉकच्या बारीक खाचांत अडकतो.

पाणी कोणते घालावे, हा प्रश्न नाशिकमध्ये अगदी घरगुती आहे. नळाचे पाणी चालत नाही, बेसाल्टच्या भेगांतून येणारे बोअरचे क्षारयुक्त पाणी त्याहून नाही, आणि आरओचे पाणीही नाही, कारण त्यातही क्षार शिल्लक असतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी दुकानात मिळणारे डिस्टिल्ड वॉटर घेतले, तर आरओ दुरुस्त करणाऱ्याजवळच्या क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर ते शून्याच्या जवळ दाखवते का, हे पाहून घ्यावे आणि त्यात गंज व शेवाळ रोखणारे द्रव्य सांगितलेल्या प्रमाणात मिसळावे. तयार पारदर्शक कूलंट घेतले तर ही यातायात वाचते. दुधी, चमकदार रंगांच्या द्रवांतील कण कालांतराने तळाशी बसतात, म्हणून ते छायाचित्रापुरतेच ठीक. शुद्ध पाणी विजेचे वाहक नसते हे खरे असले, तरी फेऱ्यात फिरू लागताच ते धातूचे आयन उचलते, त्यामुळे गळती निरुपद्रवी समजू नये.

याच कारणाने पहिली चाचणी कार्डाला आणि मदरबोर्डाला वीज न देता, संगणकाला वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसच्या मुख्य जोडणीत जंपर घालून फक्त पंप चालवून, प्रत्येक फिटिंगखाली टिश्यू पेपर ठेवून, शक्यतो रात्रभर घ्यावी. कार्ड उघडल्याने वॉरंटी जाते की राहते, हे कंपनीगणिक बदलते आणि खरेदीपूर्वीच लेखी विचारून घेतलेले बरे; मूळचा हीटसिंक, त्याचे स्क्रू आणि बॅकप्लेट मात्र खोक्यात जपून ठेवावेत, कारण कार्ड विकताना नवा ग्राहक ते पंख्यांसकट मागतो.